उत्तर: जहाजाच्या लाकडी मॉडेलवर नाळेजवळ (पुढच्या टोकाशी) पट्ट्या एकमेकींवर चढतात
पट्ट्या पुरेशा भिजवल्या नाहीत म्हणून असं होतं का, असं तुम्ही विचारलंत. नाही हो, भिजवणं कमी पडलेलं नाही. तुम्ही पट्टी टोकापर्यंत सारख्याच रुंदीची ठेवलीय, म्हणून ती शेजारणीवर चढते. मधल्या फासळीवर कागदाची चिंधी लावून माप घ्या. तिथे १०० मिमी भरले तर ५ मिमीच्या २० पट्ट्या. नाळेशी ६० मिमीच असतील, तर प्रत्येक पट्टी तिथे ३ मिमीपर्यंत तासायची. अडीचच्या खाली मात्र नको, टाचणी लावताच चिरते. त्यापेक्षा तिथे दोन पट्ट्यांच्या जागी एकच न्या.

आणि एक पट्टी डावीकडे लावली की पुढची उजवीकडे. मी उत्साहात एक बाजू आधी संपवली होती, माझ्या 'व्हिक्टरी' जहाजाच्या मॉडेलचा कणा चक्क केळ्यासारखा वाकला! दुहेरी थर असेल तर पहिल्याच्या फटी लांबीने (पुटीने) भरून घासा, वरचा थर झाकतो.