चार दिवसांच्या सुट्टीत ओपन वॉटर कोर्स बसेल का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की मालवणला हजार-दीड हजारात स्कूबा होतं मग ओपन वॉटरला, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या सर्टिफिकेट कोर्सला, पंचवीस-तीस हजार कशाला. अहो ते वेगळं, तिथे इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच खाली नेतो आणि वर आणतो, सर्टिफिकेट त्याचं नसतं. ओपन वॉटरमध्ये थिअरी, पूलमधले सराव आणि समुद्रात ४ डाइव्ह असतात, मग १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत जाता येतं.

पण चार दिवसांची सुट्टी म्हणजे जाऊन-येऊन चार असेल तर नाही जमणार. कोर्सलाच ३-४ दिवस लागतात, मी अंदमानला केला, जळगावहून नवजीवनने चेन्नई आणि पुढे विमान, आणि शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही त्यामुळे एक दिवस तिथेच जातो, तो धरूनच परतीचं तिकीट काढा. थिअरी घरूनच ऑनलाइन उरका, तेवढा वेळ वाचतो, फक्त तिची फी पॅकेजमध्ये आहे का ते आधी विचारा, मला तिथे गेल्यावर वेगळी भरावी लागली आणि फार वाईट वाटलं.

पोहणं २०० मीटर न थांबता आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. मी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेलो, त्यात पास झालो. अडलो मास्कवर, म्हणजे डोळे-नाक झाकणाऱ्या चष्म्यात शिरलेलं पाणी खाली असतानाच बाहेर काढण्यावर. पाणी नाकाशी आलं की जीव घाबरतो, मास्कची वरची कड दाबायची, मान वर करायची आणि नाकाने हळू श्वास सोडायचा, चौथ्यांदा जमलं.

पावसाळ्यात कोकणात स्कूबा बंद असतं, डिसेंबर ते एप्रिलमधलं बघा.