मित्रांसोबत बसायचंय पण दारू कमी करायचीये, कसं जमवता?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीच्या कॉलेजातले पाच जण, आता सगळे पुण्यात, एक शनिवार सोडून एक बसतो, बारा-तेरा वर्षं झाली असतील. गेल्या महिन्यात सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर आलं, डॉक्टर म्हणाले बंदच केलीत तर उत्तम, नाहीतर निदान एकदम कमी करा. मागच्या वेळी मी लिंबू सोडा मागवला तर रात्रभर टेबलावर तोच विषय, "एकानं काय होतंय", "वहिनीनं दम दिला काय", आणि मी नको नको म्हणतोय तोवर एकाने ग्लासात ओतलीपण. दोन पेग झालेच शेवटी. घरी येऊन फार वाईट वाटलं. हे मित्र मला सोडायचे नाहीयेत, आई आजारी होती तेव्हा रात्र रात्र हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेली पोरं आहेत ही. जाणंच बंद करू का?

दुर्गवेडा
जाणं अजिबात बंद करू नका. मी यातून गेलोय. पाचातला जो सगळ्यात जवळचा आहे ना, त्याला आधीच फोन करून रिपोर्टचं नीट सांगा, टेबलावर सांगू नका, तिथे कोणी ऐकायच्या मूडमध्ये नसतं. माझा मित्र त्या दिवशी काही बोलला नाही, फक्त दुसरा ओतायला आला की माझ्या ग्लासवर हात ठेवायचा, तिसऱ्या वेळेनंतर कोणी बाटली माझ्याकडे आणलीच नाही. बाकी, पोचल्या पोचल्या आपली ऑर्डर आपण द्यायची आणि ग्लास रिकामा ठेवायचा नाही. घरून थोडं जेवून जा, उपाशीपोटी खारा चखणा खाल्ला की तहान लागते आणि मग हात कुठे जातो ते माहितीये. आणि एखादा शनिवार बदलून रविवारी पहाटे सिंहगड करा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खात जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या बारमध्ये होत नाहीत, तिथे गाण्याच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नाही.

आरती नाशिक
एक सांगते, "मी आता फक्त बिअर घेतो" यात फसू नका, आमच्या घरी हेच झालं. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची असेल तर त्यात ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्के, म्हणजे ६० मिलीच्या लार्जमध्ये साधारण २६. एक बाटली म्हणजे दोन लार्ज झाले की! नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा पटलं. आणि बिलाचं आधीच बोलून घ्या, सोडा पिणाऱ्याने दारूची काँट्री का भरायची?

जुना वाचक
वरचं सगळं बरोबर आहे पण ते अधूनमधून बसणाऱ्यांसाठी. कोणी रोज क्वार्टर-हाफ घेणारा हे वाचत असेल तर प्लीज एका झटक्यात आपल्या मनाने बंद करू नका. माझ्या भावाने केली, दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरता येईना इतके हात थरथरत होते, रात्री फिट आली. जिवावर बेततं हे. आधी डॉक्टरांना भेटा, ते औषधं देऊन सोडवतात. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एकाला फोन केला, ज्याने ओतली होती त्यालाच. आधी गप्पच झाला, मग म्हणाला आधी सांगायचंस की लेका, शनिवारी तुझ्या शेजारी मी बसतो. सिंहगडाला तिघं तयार आहेत, दोघं म्हणतायत पहाटे पाचला उठणार कोण. बिलाचं अजून बोललो नाहीये.