मदत हवी आहे: पेन्सिल मुठीत धरतो, शाळेतून रोज शेरा

अबोली_फोंडा
मुलगा ज्युनियर केजीत आहे. पेन्सिल मुठीत धरतो. दोन ओळी झाल्या की हात दुखतो म्हणतो आणि पाटी ढकलून देतो. वहीत रोज लाल शाईने 'लिखाण अपूर्ण'. घरी करायला आठवड्याला चाररेघीची चार पानं असतात. रबरी ग्रिप आणून झाली, जाड त्रिकोणी पेन्सिल झाली, ठिपके जोडायची पुस्तकं झाली. फरक शून्य. गणेश चवथीच्या सुट्टीआधी चाचणी आहे. नेमकं काय करायचं ते सांगा. "होईल हळूहळू" हे घरातले सगळे सांगतातच.

पाटीपेन्सिल
वय लिहिलं नाहीत. ज्युनियर केजीत पावणेचारचं मूल असतं तसं पावणेपाचचंही असतं, आणि या वयात वर्षभराचा फरक फार मोठा. शिवाय: हात कोणता? लिहायला बसतो तेव्हा पाय टेकतात की लोंबकळतात? अक्षरं कुठली गिरवतो? वर्तुळ बघून काढता येतं का?

सुरंगी
मोबाइल आधी बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, कमी तितका चांगला. बोटं स्क्रीनवर फिरवायची सवय लागली की पेन्सिल जड वाटणारच.

अबोली_फोंडा
मोबाइल आम्ही देतच नाही, आणि मी त्याबद्दल विचारलंही नव्हतं. वय ३ वर्षं १० महिने. हात उजवा. जेवायच्या टेबलावर बसवते, पाय लोंबकळतात. शाळेत ए बी सी डी, घरी आजोबा अ आ इ ई घेतात. वर्तुळ काढतो, पण ते बटाट्यासारखं.

पाटीपेन्सिल
बटाट्यासारखं का होईना, रेघ फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळते ना? मग ३ वर्षं १० महिन्यांना ते अगदी वेळेवर आहे. हाताचा क्रम साधारण असा: दुसऱ्या वर्षी उभी रेघ, अडीचच्या सुमारास आडवी, तिसऱ्याला वर्तुळ, चौथ्याला अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन, पाचव्याला त्रिकोण. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा जमते. आता 'अ' डोळ्यांसमोर आणा: वर एक वळण, खाली एक वळण, मध्ये दांडी, दोन्ही जोडणारी आडवी रेघ आणि डोक्यावर शिरोरेघ. ज्या हाताला अजून चौकोन येत नाही, त्याच्याकडून आपण हे मागतोय. आजोबांना सांगा, वर्णमालेचा क्रम म्हणायला ठेवा. लिहायची वेळ येईल तेव्हा आकाराच्या घराण्याने जा: आधी ग, म, भ, न, मग व, ब, क, मग ट, ठ, ढ. 'अ'ची पाळी बरीच पुढे.

म्हादईकाठ
मनगटात आठ हाडं असतात, चौथ्या वर्षी त्यातली जेमतेम निम्मी पक्की व्हायला लागलेली असतात, बाकीची कूर्चा. म्हणून या वयात लिहिताच येत नाही. विषय संपला.

पाटीपेन्सिल
हाडांची माहिती बरोबर, निष्कर्ष चूक. त्याच कूर्चेच्या मनगटाने मूल बाटलीचं झाकण फिरवतं आणि शेंगा सोलतं. अडतं ते स्नायूंच्या ताब्यापाशी, आणि त्याची सुरुवात खांद्यापासून होते. खांदा स्थिर नसला की मूल सगळा जोर मुठीत आणतं. मुठीत जोर आला की हात दुखतो. 'हात दुखतो' ही सबब समजू नका. ग्रिप लावून बोटं जागेवर बसतात, खांदा तिथेच राहतो.

वाळपईकार
खरं दुखणं दोन लिप्यांचं आहे. घरात कोंकणी-मराठी, शाळेत इंग्रजी. पोराच्या डोक्याचा गोंधळ होणारच. प्राथमिक शाळेपर्यंत मातृभाषाच हवी, हे आपण किती वर्षं सांगतोय.

खारवी
माध्यमाचा वाद इथे नको, त्याचे धागे ढिगाने आहेत. आणि गोंधळ लिप्यांचा नाहीच. मूल दोन भाषा सहज सांभाळतं. इथे अडलाय हात. उलट एल, टी, ई, एच यांत नुसत्या उभ्या-आडव्या रेघा असल्याने ती अक्षरं देवनागरीपेक्षा आधी जमतात. कोंकणीही देवनागरीतच लिहितो आपण, मग घरात दोन भाषा असल्या तरी लिपी कुठे बदलते?

वाळपईकार
लिपी एक असली तरी शाळा इंग्रजी आहे ना! मी म्हणतो ते हेच.

करवंटी
अबोलीताई, कृतीचं सांगते. पंधरा दिवस पेन्सिल बाजूला ठेवा. मेणखडू मोडून अंगठ्याच्या पेराएवढे, दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करा. एवढा तुकडा मुठीत मावतच नाही, तो तीन बोटांतच धरावा लागतो. न शिकवता पकड बदलते. कागद टेबलावर न ठेवता भिंतीला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. उभ्या पृष्ठभागावर मनगट आपोआप मागे वळतं आणि खांदा काम करतो. बाहेर एक इंची ब्रश आणि बादलीभर पाणी द्या, जांभ्या चिऱ्याच्या कुंपणावर रंगवू दे. चिरा पाणी पितो, रेघ गडद उमटते, वाळली की पुन्हा काढता येते. चिमटीसाठी गुंजा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावा, लाल-काळा रंग मुलांना आवडतो.

खारवी
गुंजा अजिबात नको!! गुंजेत अॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. अख्खी गिळली तर टणक सालीमुळे कधी निभावतं, पण चावली, फुटली किंवा भोक पाडलेली असली तर जिवावर बेतू शकतं. करवंटी, तेवढी सूचना मागे घ्या. चिंचोके, कोकमाच्या बिया, चणेही या वयात नाका-कानात जातात, घशात अडकतात. द्यायचेच तर समोर बसून, आणि खेळ संपला की मोजून परत. त्यापेक्षा कपड्यांचे चिमटे बरे. ताटाच्या कडेला दहा लावायचे, दहा काढायचे. चिमटा कडक असेल तर स्प्रिंग सैल झालेला जुना शोधा.
आणि पावसाच्या या दिवसांत चिरा आधीच ओलाचिंब, वर शेवाळ. पाण्याची रेघ दिसणार कुठे? ते दिवाळीनंतरचं काम. आता कपाटाच्या दारावर काळा कागद लावा आणि ओला खडू द्या.

करवंटी
गुंजेचं माहीत नव्हतं. ती सूचना मागे घेते. चिऱ्याचंही खरं.

सुरंगी
खडूच्या धुळीपेक्षा ताटात तांदळाचं पीठ पसरून बोटाने काढू दे. आपली जुनीच पद्धत.

खारवी
पावसाळ्यात पीठ दमट होऊन बोटाला चिकटतं. जाडा रवा किंवा तांदळाची कणी घ्या. थर अर्धा सेंटिमीटरच हवा, जाड झाला तर रेघ बुजते.

पाटीपेन्सिल
अबोली, एक राहिलं. 'हात उजवा' हे कशावरून ठरवलं? आणि पाटीवर लिहिलेलं हाताने पुसलं जातं का?

अबोली_फोंडा
जेवतो उजव्या हाताने, म्हणून उजवा. पेन्सिल कधी कधी डाव्यात घेतो, मग आम्ही काढून उजव्यात देतो. शाळेतही तेच सांगितलंय. डाव्यात असली की लिहितो ते पुसत जातो, करंगळीची बाजू पांढरी होते. याचा काय संबंध?

पाटीपेन्सिल
सगळा संबंध इथेच आहे. जेवणावरून हात ठरवू नका. आपल्याकडे उजव्याने जेवायला शिकवतात, तो शिकवलेला हात. न शिकवलेली कामं बघा: चेंडू फेकणं, झाकण फिरवणं, दात घासणं, चमच्याने डबीतून साखर काढणं, दाराची कडी, कंगवा, पत्ता उलटणं. वस्तू नेहमी मधोमध ठेवायची, तुम्ही हातात द्यायची नाही. तीन दिवस, रोज दहा कामं, नुसत्या खुणा करा. बहुतेक मुलांचा हात दोन ते चार वर्षांत ठरतो, काहींचा सहापर्यंत लांबतो. तीसपैकी पंचवीस खुणा डाव्या आल्या तर पेन्सिल डाव्या हातातच राहू द्या. अर्ध्या-अर्ध्या आल्या तर थांबा. वस्तू मध्ये ठेवा आणि त्याला निवडू द्या.

सुरंगी
घरातले मोठे ऐकणार नाहीत. डाव्या हाताने देवाचं काम कसं करणार, म्हणतील.

खारवी
प्रसाद उजव्या हाताने घेऊ दे, जेवूही दे उजव्याने. ती रीत आहे, ती शिकता येते. लिहिण्यात बोटांचं बारीक काम असतं, तिथे हात बदलला की मूल रोज कमकुवत हाताने झगडतं. आजोबांना हा फरक असा सांगितला तर पटतो.

अबोली_फोंडा
तीन दिवस केलं. ३० पैकी २६ डाव्या. साखर काढायला प्रत्येक वेळी डावा. आता पुढे?

पाटीपेन्सिल
आता बसणं. जेवायचं टेबल नको. पाटावर बसवा आणि पुढे बुटका चौरंग ठेवा, किंवा खुर्चीखाली पाय टेकायला डबा द्या. टेबलाची कड कोपराच्या उंचीला हवी. पाटी छातीच्या मधोमध न ठेवता थोडी डावीकडे. कागद असेल तर घड्याळाच्या दिशेने तिरका, म्हणजे वरचा डावा कोपरा उंच आणि खालचा उजवा कोपरा पोटाकडे. खडू टोकापासून तीन सेंटिमीटर वर धरायचा, म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि पुसलं जात नाही. हे आत्ता केलं नाही तर मनगट हुकासारखं वाकवून लिहायची सवय लागते, ती मोडणं अवघड. कात्री डावखुऱ्यांची घ्या. उजव्यांची कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघ झाकतं. वर्गात बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतं.
लिहिणं दिवसाला पाच मिनिटं, पुरे. उरलेला वेळ पोळी लाटणं, स्पंज पिळणं, तुम्ही पाय धरून त्याने हातांवर चालणं, आणि माती.

म्हादईकाठ
मातीऐवजी पिठाचा गोळा: मैदा २ वाट्या, मीठ १ वाटी, तेल २ चमचे, पाणी लागेल तसं, पाऊण वाटीपासून सुरू करा.

करवंटी
तो या हवेत टिकत नाही. मीठ हवेतलं पाणी ओढतं, दोन-तीन दिवसांत चिकट लगदा होतो. रोज मूठभर मैदा मळायचा, नाहीतर मंद आचेवर शिजवून फ्रिजमध्ये ठेवायचा. आणि चाखू देऊ नका, मीठ फार असतं. गणपतीच्या मूर्ती घडवतात त्या चित्रशाळेत चिकणमाती मागा, मूठभर कोणीही देतं. खडे काढून ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा.

अबोली_फोंडा
माती बघते. पण चाचणीचं काय? बाईंना काय सांगू? त्या म्हणतात, सगळी मुलं लिहितात.

खारवी
भांडू नका, चिठ्ठी द्या. "मुलगा डावखुरा आहे, पेन्सिल डाव्या हातात राहू द्यावी, बाकाच्या डाव्या बाजूला बसवावं, चाचणी तोंडी किंवा खडूने मोठ्या अक्षरांत घ्यावी." एवढंच. वाद निघालाच तर २०२२ च्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचं नाव काढा. तो ३ ते ८ वर्षांसाठी आहे, आणि ३ ते ६ च्या मुलांना नेमलेलं पाठ्यपुस्तक नको असं त्यात स्पष्ट आहे. मग आठवड्याला चार पानं कुठून आली?

वाळपईकार
आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण हवीत, २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण. म्हणजे तुमच्या हातात दोन वर्षं आहेत. हे मात्र मी माध्यम सोडून बोलतोय.

अबोली_फोंडा
थेरपिस्टला दाखवायला हवं का?

पाटीपेन्सिल
यावरून तरी नाही. दाखवायचं कधी: साडेचारलाही वर्तुळ मिटत नसेल, मोठी बटणं लागत नसतील, एक हात दुसऱ्यापेक्षा सैल किंवा ताठ वाटत असेल, किंवा येत होतं ते जायला लागलं असेल. दीड वर्षाच्या आतच एका हाताचा हट्ट दिसला असता तर तेव्हाच बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं होतं, कारण तेव्हा दुसरा हात कमजोर असू शकतो. तसं होतं का?

अबोली_फोंडा
नाही, तेव्हा दोन्ही हातांनी ओढायचा. चिठ्ठी आज दिली. बाईंनी वाचली, डाव्या टोकाला बसवलं. चाचणीचं उद्या सांगते म्हणाल्या.

सुरंगी
चवथीनंतर चित्रशाळेत माती उरते का हो? आमच्या नातीला हवी होती.

करवंटी
उरते, पण सुकून दगड झालेली असते. फोडून रात्रभर पाण्यात घाला, सकाळी वरचं पाणी ओता, कापडावर पसरा. बोटाला चिकटेनाशी झाली की मळा.