नाताळची घरी केलेली भेट : आपले अनुभव लिहा

रानजाई
परवा आमच्या सोसायटीच्या जिन्यात एक शाळकरी मुलगा बांबूच्या कामट्या तासत बसलेला दिसला आणि वसईतल्या आमच्या आळीतला डिसेंबर मला एकदम आठवला. आळीत हिंदू आणि ख्रिस्ती घरे भिंतीला भिंत लावून होती. नाताळ जवळ आला की शेजारचे काका ओसरीवर चांदणी करायला बसत आणि त्यांच्या मोठ्या चांदणीबरोबर आमच्या घरासाठी एक लहान चांदणी दरवर्षी तयार होत असे. सारख्या लांबीच्या पाच कामट्या एकमेकींच्या वरून-खालून गुंतवल्या की पाच टोकांचा तारा होतो. असे दोन तारे एकमेकांवर ठेवून त्यांची टोके दोऱ्याने घट्ट बांधायची आणि मधल्या पंचकोनाच्या पाचही कोपऱ्यांत बोटभर लांबीच्या काड्या आडव्या सरकवायच्या. त्या सरकल्या की चपटा तारा फुगतो आणि आत दिव्यासाठी जागा होते. वर पतंगाचा कागद आणि मैद्याची खळ, एवढाच काय तो खर्च होता. आमच्या चांदणीचा कागद मात्र काका माझ्या आजीला विचारूनच आणत, कारण तिला डोळ्यांवर येणारा लाल उजेड सोसत नसे.

माझ्या लक्षात राहिले आहे ते त्यांचे हे विचारणे. अशी घरी केलेली, खिशाला परवडणारी आणि घेणाऱ्याचा विचार करून दिलेली नाताळची भेट आपण कधी दिली असेल किंवा आपल्याला कोणी दिली असेल, तर कृपया सविस्तर लिहावे. कृतीही लिहिली तर फार उत्तम.

केळीचंपान
वसईचे नाव निघाल्यावर सुकेळ्यांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या आगाशीकडे राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवतात. दिवसा ऊन द्यायचे, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, असे करता करता केळे आकसते आणि मधासारखे तपकिरी होते. त्यात साखरेचा कणही घालावा लागत नाही. माझी मावशी नाताळात मुंबईच्या नातेवाइकांना सुकेळ्यांच्या जुड्या पाठवत असे. वेष्टनाला केळीचेच वाळलेले पान आणि बांधायला केळीचाच सोप असल्यामुळे त्या भेटीत विकतचे असे काहीच नसे. ज्या वर्षी पाऊस लांबे आणि ऊन कमी मिळे, त्या वर्षी मोजक्याच जुड्या होत आणि त्या आधी आजाऱ्यांच्या व म्हाताऱ्या माणसांच्या घरी जात.

तिसवाडी
गोव्यात या देण्याघेण्याला कोन्सोआदा म्हणतात आणि त्या ताटात जे जे असते त्याला कुस्वार. दोदोल (नारळाच्या दुधाची आणि गुळाची मऊ मिठाई), नेवऱ्या (करंज्या), चण्याच्या डाळीचा आणि खोबऱ्याचा दोस, कुलकुले (मैद्याची तळलेली गोड गुंडाळी) असे सगळे थोडेथोडे ताटात मांडून, वर क्रोशाचा रुमाल घालून मुले शेजाऱ्यांकडे पोहोचवतात. बिबिंका खर्चीक पडते, कारण नारळाचे दूध, अंड्यांचा बलक आणि तूप सढळ हाताने लागते आणि एकेक थर भाजायला वेळही खूप जातो. ज्यांना कमी पैशांत काही करायचे आहे त्यांनी पेराद, म्हणजे पेरूच्या वड्या, करावे. नाताळच्या सुमारास पेरू स्वस्त आणि भरपूर असतात.

कृती अशी आहे. पूर्ण पिकलेले पेरू चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवावेत आणि चाळणीवर घासून बिया काढाव्यात. गर वजन करून घ्यावा, तेवढीच साखर घालावी आणि जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर घोटत राहावे. मिश्रण दाटू लागले की ते उडते आणि हातावर चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्यावा. लिंबाचा रस आधी घालू नये; मिश्रण बरेच आटल्यावर घालावा. पेरूत मुळातच पेक्टिन भरपूर असते आणि लिंबाच्या आंबटपणामुळे ते नीट धरते, त्यामुळे वेगळे काही घालायची गरज पडत नाही. शेवटी चमचाभर लोणी घालावे. गोळा कडा सोडून कालथ्याभोवती फिरू लागला की तूप लावलेल्या ताटात थापावा आणि गार झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या कापाव्यात.

माझी आई ताटात पेरादाच्या वड्या कडेने मांडत असे. समोरच्या घरातल्या आजोबांच्या वाटणीच्या वड्या मात्र ती थोड्या आधी, मऊ असतानाच काढून ठेवी, कारण त्यांना चावता येत नसे.

उंबरठा
तिसवाडी, कृतीबद्दल मनापासून आभार. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडे पाठवायचे असल्यास पेराद प्रवासात टिकते का, आणि वड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून काय करावे, हेही कृपया सांगावे.

नारंगी
आमच्या नागपुरात याच दिवसांत संत्र्यांचे ढीग लागतात आणि साले उकिरड्यावर जातात. शाळेत आम्हाला शिवण शिकवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई होत्या. त्या मुलींकडून ती साले मागून घेत, आतला पांढरा भाग सुरीने खरवडत आणि साले पाण्यात उकळून ते पाणी फेकून देत. पाणी बदलून असे दोन-तीनदा केले की कडवटपणा जातो. मग पाकात मंद शिजवून ती पारदर्शक होऊ लागली की बारीक पट्ट्या कापून जाळीवर सुकवायच्या आणि साखरेत घोळवायच्या. नाताळच्या सुट्टीआधी प्रत्येक मुलीला कागदाच्या पुडीत त्या पट्ट्या मिळत. पुडीवर मुलीचे नाव आणि तिने त्या वर्षी चांगले शिवलेले एखादे काम लिहिलेले असे. माझ्या पुडीवर "काजाची शिवण" असे होते. घरी कोणी माझे असे कौतुक करत नसत, त्यामुळे खाऊ संपला तरी तो कागद मी वर्षानुवर्षे वहीत जपला. आज मी स्वतः शिक्षिका आहे आणि हीच पद्धत चालवते.

पिंपळपार
मी अहिल्यानगरची. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला केक असतो, पण मुख्य मान फराळाचाच असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू असे सगळे होते आणि ते वाड्यातल्या प्रत्येक घरी जाते, जसा दिवाळीत त्यांचा फराळ आमच्याकडे येतो.

वडील गेले त्या वर्षी आम्ही कढई चढवली नाही. नाताळच्या सकाळी वाड्यातल्या बायका एक टोपली घेऊन आल्या. प्रत्येकीने एकेक पदार्थ वाटून घेतला होता, म्हणून कोणा एकीवर खर्चाचा भार पडला नव्हता. चकल्या एका घरच्या, लाडू दुसऱ्या घरचे. टोपलीच्या तळाशी आईसाठी वेगळा डबा होता आणि त्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, कारण तिने त्या दिवसांत गोड खाणे सोडले आहे हे त्यांच्यापैकी कोणाच्या तरी ध्यानात आले होते. आई त्या दिवशी बऱ्याच काळाने पोटभर जेवली. कोणाच्या घरी दुःख असेल तर अशी वाटून घेतलेली टोपली जरूर करावी, एवढेच सांगायचे आहे.

नारंगी
पिंपळपार, आपले लिहिणे वाचून डोळे भरून आले. आपल्या आईंना माझा नमस्कार सांगावा.

दूरदेशी
अमेरिकेत मुलांच्या शिक्षिकांना आणि शेजाऱ्यांना नाताळात काहीतरी देण्याची रीत आहे. आम्ही दरवर्षी काचेच्या बरण्या जमवून ठेवतो आणि पातळ पोह्यांचा चिवडा भरून देतो. इथे शेंगदाण्यांची ॲलर्जी असलेली मुले अनेक असतात, त्यामुळे आम्ही दाणे आणि काजू दोन्ही वगळतो, डाळे आणि सुक्या खोबऱ्याचे काप वाढवतो आणि बरणीवर सर्व घटक स्पष्ट लिहितो. ही चिठ्ठी सजावटीपेक्षा महत्त्वाची आहे, असे माझे ठाम मत आहे. टपाल पोहोचवणाऱ्यांना भेट देताना आणखी एक नियम पाळावा लागतो. त्यांना एका प्रसंगी 20 डॉलरपर्यंतच्या किमतीची वस्तू स्वीकारता येते, रोख रक्कम घेता येत नाही. घरच्या चिवड्याची बरणी त्या मर्यादेत आरामात बसते.

हिमवाट
आम्ही जर्मनीत आहोत. इथे 1 ते 24 डिसेंबरपर्यंत रोज एक खण उघडायचे कॅलेंडर मुलांना देतात. दुकानांत चॉकलेटची कॅलेंडरे मिळतात, पण आम्ही 24 रिकाम्या काडेपेट्या एकावर एक चिकटवून, वर जुन्या साडीचा काठ लावून घरीच एक कॅलेंडर केले. आत काय ठेवायचे हा प्रश्न साताऱ्याच्या माझ्या सासूबाईंनी सोडवला. त्यांनी फोनवरून मराठी कोडी सांगितली, नवऱ्याने ती मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्यांवर लिहिली आणि मुलगी रोज सकाळी चिठ्ठी अडखळत वाचून आजीला फोनवर उत्तर सांगू लागली. मराठी वाचायला ती आधी कंटाळत असे. त्या महिन्यात मात्र पुढची चिठ्ठी मिळावी म्हणून स्वतः मागे लागली. भेट मुलीसाठी केली होती, पण रोज ठरल्या वेळी नातीचा फोन येतो याचा आनंद सासूबाईंना कितीतरी अधिक झाला.

पाणवठा
एक वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो. घरी केलेली भेट स्वस्तच पडते असे नाही. साचे, रिबिनी, खास डबे आणायला निघालो तर विकतचा केक परवडतो. म्हणून घरात काय आहे ते आधी पाहावे. माझ्या ईस्ट इंडियन (मुंबई-वसई भागातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या) शेजारीण उन्हाळ्यात वर्षाचा बॉटल मसाला करतात तेव्हाच नाताळात द्यायच्या लहान बाटल्या बाजूला भरून ठेवतात. मसाल्याचा रंग आणि वास उजेडाने उडू नये म्हणून तो गडद काचेच्या बाटलीत दाबून भरतात, त्यामुळे डिसेंबरपर्यंत तो उत्तम राहतो. डिसेंबरात त्यांना एक रुपयाही वेगळा खर्च करावा लागत नाही आणि ज्यांच्या घरी तो जातो त्यांची कालवणे पुढे कित्येक दिवस त्या मसाल्यावर होतात.

दुसरे असे की, आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना केवळ हाताने केलेली वस्तू देऊन भागवू नये. त्यांच्या सणाला त्यांना पैशांची गरज असते. आधी पूर्ण बोनस द्यावा आणि मग वर हौसेने जे करायचे ते करावे.

रानजाई
पाणवठा, आपले दोन्ही मुद्दे अगदी पटले. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे आणि पेराद किंवा दोस त्यांच्या कामाचा नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या कट्ट्यावरच्या मित्रांसाठी काय करता येईल?

तिसवाडी
उंबरठा, पेराद व्यवस्थित आटवलेले असेल तर प्रवासात सहज टिकते. वड्या एक दिवस ताटातच उघड्या सुकू द्याव्यात, मग प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये वेगळी गुंडाळून डब्यात भरावी. ऊन लागणाऱ्या खिडकीजवळ डबा ठेवू नये, असे कुरियर घेणाऱ्या बहिणीला आधीच कळवावे.

रानजाई, कुलकुले तिखटमिठाची करावीत. निम्मा मैदा आणि निम्मी कणीक घेऊन त्यात मीठ, भरडलेली मिरी, जिरे आणि थोडे गरम तेल घालावे आणि घट्ट भिजवावे. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरावी आणि खालून वर गुंडाळत आणावी, म्हणजे तिच्यावर रेघा उमटतात. मंद आचेवर तळावीत. तळलेला पदार्थ असल्यामुळे सासऱ्यांनी तीही बेतानेच खावीत, म्हणून मोठा डबा न देता मूठभराच्या पुड्या कराव्यात. कट्ट्यावरच्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक येईल.