स्वीडिश सासू-सासरे आणि आपले आई-बाबा, यूलला (ख्रिसमसला) दोघंही आमच्याकडे. मदत करा!

उप्सालाकरीण:
नमस्कार मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय. लग्नाला 5 वर्षं झाली, नवरा स्वीडिश, आणि आत्तापर्यंत दर 24 डिसेंबरला आम्ही येव्ले शहरात सासरी जायचो, म्हणजे मी फक्त जेवायला बसायचे आणि भांडी घासू लागायचे. यंदा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे त्यांनीच सांगून टाकलं की यूल ह्या वर्षी तुमच्याकडे. आणि नेमके माझे आई-बाबा 11 तारखेला तीन महिन्यांसाठी येतायत, पहिल्यांदाच हिवाळ्यात.

आई पक्की शाकाहारी, अंडं पण नाही. बाबा मासे खातात पण माशाला मसाला पाहिजे, ते गोड व्हिनेगरमधलं सिल, म्हणजे हेरिंग मासा, बघून काय म्हणतील देव जाणे. सासूबाई प्रेमळ आहेत पण यूलबूर्ड (ख्रिसमसच्या जेवणाचं टेबल) म्हणजे यूलबूर्ड, त्यात काय कशानंतर हे ठरलेलं, तीन वाजता टीव्हीवर कल्ले आंका (डोनाल्ड डकचा कार्यक्रम) म्हणजे तीनच वाजता. मला भीती ही की आई कोपऱ्यात बटाटा आणि ब्रेड घेऊन बसेल आणि "मला काही नको गं" म्हणत राहील, आणि ती असं म्हणाली की मला दिवसभर रडू येतं. ती म्हणतेय मी पुरणपोळ्या करते, तर त्या त्याच टेबलावर ठेवू का? शिवाय लेक साडेतीन वर्षांची आहे, तोम्ते (इथला सांताक्लॉज) दरवर्षी सासरेच व्हायचे, त्यांना आता जिना चढउतार नको म्हणतात, तर तोम्ते कोण?

नवऱ्याला विचारलं तर म्हणतो "देत ऑर्दनार सिग", होईल सगळं. होईल म्हणे. कोण करणार ते बोल ना.

लुलेओची_मावशी:
अगं घाबरू नकोस, आम्ही हे तीन वेळा केलंय आणि सगळे जिवंत आहेत.

आधी जेवणाचं. यूलबूर्डला लोक उगाच मांसाहारी मांसाहारी म्हणतात. पहिल्या फेरीत थंड मासे, म्हणजे सिलचे प्रकार आणि ग्राव्हाद लाक्स (मीठ-साखरेत मुरवलेला सामन), दुसऱ्या फेरीत थंड मांस, यूलफिंका (ख्रिसमसचं हॅम) वगैरे, मग गरम, श्शॉतबुल्लार (मांसाचे गोळे), प्रिन्सकोर्व्ह (छोटे सॉसेज) आणि यान्सन (बटाटा, क्रीम आणि माशाचं ओव्हनमधलं). पण ह्या सगळ्याच्या बाजूला लाल कोबी, बीटाची कोशिंबीर (हो, मी कोशिंबीरच म्हणते), उकडलेले बटाटे, व्होर्तब्रेड (गडद गोडसर ब्रेड), चीज हे असतंच की. चीजमध्ये रेनेट असतं ते आईंना चालतं का बघ. श्शॉतबुल्लार शाकाहारी तयार मिळतात पण काहींत अंड्याचा पांढरा भाग असतो, पाकीट उलटं करून वाच. बीटाच्या कोशिंबिरीत मेयोनेज असेल तर आईंसाठी दह्यातली वेगळी काढ.

यान्सन मात्र दोन कर. एक नेहमीचा, एक आईसाठी. आणि नेहमीच्यात इटालियन अँचोव्ही घालू नकोस, मी पहिल्या वर्षी इंटरनेटवरची रेसिपी बघून तेच केलं होतं, इतकं खारट झालं की माझे दीर नुसतं पाणी पीत होते पण बोलला कोणी नाही, स्वीडिश माणसं. इथे "आन्शोव्हिस" म्हणून जो डबा मिळतो तो वेगळाच छोटा मासा असतो, दालचिनी-लवंगेसारख्या मसाल्याच्या गोडसर पाण्यात मुरवलेला, आणि ते पाणीही थोडं घालायचं असतं. आईच्या यान्सनमध्ये परतलेले मशरूम आणि केपर्स, बाकी कांदा, काड्यांसारखा कापलेला बटाटा, क्रीम तेच. वरून ब्रेडचा चुरा. दोन्ही एकाच ओव्हनमध्ये, फक्त कुठला कुठला ते लक्षात ठेव, मी काडी टोचून ठेवते.

यूलफिंकाच्या पाण्यात ब्रेड बुडवायची पद्धत आहे ना, 24 तारखेला दोप्पारेदाग (बुडवायचा दिवस) त्यामुळेच म्हणतात, तेव्हा आईच्या ब्रेडवर लक्ष ठेव. सासूबाई प्रेमाने बुडवून देतील आणि आपल्याला कळायच्या आत आई खाईल.

केशर_अर्धाग्रॅम:
मावशींनी जेवणाचं सांगितलंय तर मी फक्त एकच सांगते, आईंना काम दे. पाहुणी करून सोफ्यावर बसवलंस की तिथेच संपलं.

आणि काम कोणतं तर क्नेक, म्हणजे इथली ख्रिसमसची टॉफी! साखर, सिरप, क्रीम समप्रमाणात घेऊन आटवायचं, आणि झालं का हे बघायला इथल्या बायका थंड पाण्याच्या वाटीत थेंब सोडून गोळी होते का बघतात. आपला गोळीबंद पाक! माझ्या सासूबाई थर्मामीटर घेऊन उभ्या, 125 झालं का, 126 झालं का, आणि माझ्या आईने डावाने जरा वर उचलून धार बघितली आणि म्हणाली "उतरव आता, नाहीतर दगड होईल". स्वीडिश येत नाही, इंग्लिश अर्धंमुर्धं, आणि दोघी मिळून ते चिमुकल्या कागदी कपांत भरत बसल्या, बोटं भाजली की दोघी एकदम हा हू करत होत्या. नंतर दरवर्षी सासूबाई विचारतात, ती पाकवाली येणार का.

लुसेकात्तेर, म्हणजे केशराचे गोड पाव, पण आईंकडून करून घे. केशर भारतातून आणायला सांग, इथे अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या पुड्या मिळतात आणि किंमत बघून हात मागे जातो. पूड साखरेच्या खड्याबरोबर खलात कुटायची, गरम दुधात भिजवायची, कोरडी पिठात टाकली तर पिवळे ठिपके येतात, रंग नाही. आणि त्या कोरड्या पडतात ही सगळ्यांची तक्रार, तर कणकेत थोडं केसेला घाल, म्हणजे चक्क्यासारखं असतं ते. कणकेत अंडं लागत नाही, वरून ब्रश करतात तेवढंच, त्याऐवजी दूध लाव. चकाकी कमी येते, येऊ दे.

बाबा_तोम्ते:
तोम्ते हा माझा विषय आहे त्यामुळे मोठं लिहितोय, माफी.

इथली क्लासिक पद्धत अशी की कल्ले आंका संपला की घरातला एक पुरुष उठतो, "मी जरा पेपर घेऊन येतो" म्हणून बाहेर जातो. 24 डिसेंबरला संध्याकाळी, दुकानं बंद, पेपर कुठला आणि काय. पण मुलं विचारत नाहीत. दहा मिनिटांनी दारावर ठकठक, लाल कपड्यातला तोम्ते पोतं घेऊन, "फिन्स देत नोग्रा स्नेल्ला बार्न हेर?" म्हणजे इथे कोणी शहाणी मुलं आहेत का. मग तो जातो, आणि बाबा परत येतात आणि म्हणतात अरेरे मी चुकवलंच ह्याही वर्षी.

मी पहिल्या वर्षी झालो तेव्हा दाढी, मुखवटा, सगळं परफेक्ट, आणि पायात माझेच बूट. मुलगा चार वर्षांचा, तोम्तेकडे बघितलंच नाही त्याने, नजर खाली, आणि म्हणाला "तोम्तेकडे बाबाचे बूट आहेत". माझी बायको म्हणाली तोम्तेने मागून घेतले असतील, बाहेर बर्फ आहे. त्याने ते मान्य केलं पण मला वाटतं त्याने तिच्यासाठी मान्य केलं.

तर बूट बदला. आणि तुझ्या केसमध्ये नवऱ्याला करू नकोस, बाबांना कर! म्हणजे तुझ्या वडिलांना. लेक त्यांचा आवाज फोनवर ऐकते पण त्या मुखवट्यातून ओळखणार नाही, आणि एकच स्वीडिश वाक्य आहे, दोन दिवसांत पाठ होईल. कोकणी उच्चारात म्हणाले तरी चालतंय, तोम्ते लांबून आलाय.

अजून एक, इथला जुना तोम्ते म्हणजे शेतावरचा बुटका राखणदार, त्याला वाटीभर ग्रॉत (दुधातली तांदळाची पेज) बाहेर ठेवायची, वर लोणी पाहिजे नाहीतर तो रागावतो. आपल्याकडच्या राखणदाराला काय वेगळं असतं? बाबांना हे सांगितलंत तर ते एकदम खूश होतील, निदान माझे झाले होते.

शहाणपण_नको:
सगळ्यांशी थोडं असहमत. पुरणपोळी यूलबूर्डवर ठेवू नका. मी ठेवली होती. कोणाला कळेना की ही पहिल्या फेरीची का तिसऱ्या, चुलत सासऱ्यांनी तिच्यावर मोहरीचं सिल ठेवून खाल्लं आणि माझ्या आईचा चेहरा मी अजून विसरलो नाही. 24 तारीख त्यांची, त्यात ते बदल करत नाहीत आणि करूही नये, वर्षातून एकदा तर आहे. 25 ला किंवा 26 ला, म्हणजे आन्नान्दागला (ख्रिसमसनंतरचा सुट्टीचा दिवस), सगळे लोळत असतात, उरलेलं थंड हॅम खाऊन कंटाळलेले, त्या दिवशी गरम पुरणपोळी तूप लावून द्या, बघा कसे तुटून पडतात.

केशर_अर्धाग्रॅम:
@शहाणपण_नको सिल ठेवून पुरणपोळी 😂😂 पण पटलं. फक्त एक, ग्रॉत मात्र 24 ला आईंनीच करावी. ती आपली तांदळाची खीरच आहे, फक्त साखर आत नाही, वरून दालचिनी-साखर. वेलची घातली तरी कोणी ओरडणार नाही, इथे बेकिंगमध्ये वेलची आपल्यापेक्षा जास्त वापरतात. एक सोललेला बदाम आत टाकायचा, ज्याला मिळेल त्याचं येत्या वर्षात लग्न.

लुलेओची_मावशी:
भेटवस्तूंचं कोणीच बोललं नाही. यूलक्लाप्सरीम, म्हणजे भेटवस्तूवरचं यमक! पाकिटावर दोन-चार ओळींचं यमक लिहायचं, आत काय आहे ते न सांगता सुचवायचं, आणि उघडायच्या आधी मोठ्याने वाचायचं. हे म्हणजे उखाणा आणि कोडं यांच्या मधलं काहीतरी, आपल्या बायकांना हे शिकवायला लागत नाही. आईला लिहायला सांग, नवऱ्याने भाषांतर करायचं. यमक मेलं तरी मजा येते.

आणि 13 तारखेला लेकीच्या फोरस्कूलामध्ये (बालवाडीत) लुसिया, म्हणजे मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली लुसिया आणि मुलांची गाणी, असेल ना, आईबाबांना नक्की ने. जेटलॅगमुळे ते पहाटे जागेच असतील.

उप्सालाकरीण:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, नवऱ्यालाही वाचून दाखवलं, बुटांवर तो खूप हसला आणि मग गप्प झाला, बहुतेक त्याला स्वतःच्या लहानपणीचे बूट आठवले. पुरणपोळी 26 ला. तोम्ते बाबा. यान्सन दोन. कळवते.

उप्सालाकरीण:
कळवते म्हटलं होतं म्हणून, आज 28 तारीख, आत्ता कुठे घर शांत झालंय.

लुसियाच्या दिवशी लेक म्हणाली लुसिया नाही व्हायचं, मुकुट नको, पेपरकाका (आल्या-दालचिनीचं बिस्किट) व्हायचंय, तपकिरी कपडे घालून दुसऱ्या ओळीत उभी राहिली आणि पूर्ण गाणं होईपर्यंत हातातलं खरं पेपरकाका खात होती. आईला तिथेच त्या बिस्किटाचा खेळ कळला, तळहातावर ठेवून मध्ये बोटाने दाबायचं, तीन तुकडे झाले तर मनातली इच्छा पुरी. तिने घरी येऊन अर्धा डबा फोडला. दोन होत होते नाहीतर पाच.

24 ला पावणेतीनला सूर्य गेला, तीनला कल्ले आंका लागलं, सासरे प्रत्येक वाक्य टीव्हीच्या आधी म्हणत होते आणि बाबांना वाटलं हे लाइव्ह काहीतरी आहे. मी सांगितलं 1960 पासून दरवर्षी हेच दाखवतात तर म्हणाले "मग पाठ असणारच, रामरक्षा पाठ असते तसं". मग मध्येच सासऱ्यांनी फोनवर येव्लेचा कॅमेरा लावून बाबांना गवताचा बोकड दाखवला, 1966 पासून दर यूलला चौकात उभा करतात, 13 मीटर उंच, आणि लोक गुपचूप जाळतात, 2016 ला तर उद्घाटनाच्याच दिवशी जळला, 2023 ला पक्ष्यांनी गवतातले दाणे वेचून पार उघडा केला. बाबा म्हणे "म्हणजे होळीच की, फक्त पोलिसांच्या परवानगीशिवाय".

बाबा पेपर आणायला म्हणून गेले. बूट नवऱ्याच्या मित्राचे, दोन नंबर मोठे. दारातून आत आले, पोतं ठेवलं, आणि वाक्य विसरले. पूर्ण शांतता. मग म्हणाले, "काय गं, शहाणी आहेस ना?" मराठीत! लेक म्हणाली "हो", मराठीतच, आणि हात पुढे केला. तेव्हापासून तिचं ठाम मत आहे की तोम्तेला मराठी येतं, आणि ती हे फोरस्कूलामध्ये सांगणार आहे.

क्नेक आईने केलं, सासूबाईंनी तिला थर्मामीटर दिला तो आईने कृतज्ञतेने बाजूला ठेवला. दोन्ही यान्सन संपले, आईचा आधी संपला कारण सासूबाईंना मशरूम आवडले. सिलला बाबांनी काय केलं माहितीये, वर लाल तिखट भुरभुरवलं आणि सासऱ्यांनी ते बघून स्वतःच्या ताटात पण मागितलं. शहाणपण_नको, तुमचे चुलत सासरे आठवले.

बदाम सासूबाईंना मिळाला. 71 वर्षांच्या, लग्नाला 46 वर्षं. सासरे म्हणाले "कोणाशी?" आणि पहिल्यांदाच त्या पाय दुखतोय हे विसरून हसल्या.

आईने सासूबाईंच्या पाकिटावर यमक लिहिलं होतं, लोकरीचे मोजे होते आत:
"लोकरीची आहे पण शाल नाही,
पायात असते पण चप्पल नाही."
नवऱ्याने भाषांतर केलं, यमक खरोखरच मेलं, आणि सासूबाईंनी पहिल्या झटक्यात ओळखलं. पुरणपोळ्या 26 ला 19 लाटल्या, एकही उरली नाही, तूप मात्र मला 27 ला परत आणावं लागलं.

बाबा_तोम्ते:
तोम्तेला मराठी येतं हे आता आमच्या मुलाला पण सांगावं लागणार. तो 11 वर्षांचा आहे, बुटांचा विषय अजून काढतो.