मदत हवी आहे: तान्ह्या बाळांची बेरा (आवाजाला नस आणि मेंदूचा प्रतिसाद मोजणारी ऐकण्याची तपासणी), ठाणे ते पनवेल

ओएईत (आतल्या कानाची पहिली चाळणी तपासणी) दोनदा 'रेफर' (पुढे तपासा) आलेल्या बाळांसाठी ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेल पट्ट्यातल्या केंद्रांची यादी करतोय. नुसतं 'बेरा होते' एवढ्यावर भागत नाही. क्लिकसोबत (छोटा 'टक' आवाज) ५०० आणि २००० हर्ट्‌झचा टोन बर्स्ट (एकाच पट्टीचा क्षणभर आवाज), गरज पडली तर हाडामार्गे (कवटीच्या हाडातून आवाज देऊन) बेरा कुठे करतात? एकट्या क्लिकवरून खालच्या पट्टीतलं ऐकणं कळत नाही. टिम्पॅनोमेट्रीला (कानाचा पडदा किती हलतो ते पाहणारी तपासणी) १००० हर्ट्‌झचा प्रोब आहे का, हेही विचारून सांगा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा २२६ हर्ट्‌झचा आलेख पडद्यामागे पाणी असूनही नॉर्मल दिसू शकतो.

बाळ दूध पिऊन आपसूक झोपेपर्यंत थांबू देतात, की लगेच झोपेचं औषध? तीन महिन्यांच्या आत बहुतेकदा ते लागतच नाही. एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभाग) पाच दिवसांहून जास्त राहिलेल्यांची एबीआर (म्हणजे बेराच) कोण करतं? ओएई पास असली तरी ऐकण्याच्या नसेचा दोष तिच्यात सुटतो.

आणि मोल्ड (श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा)! कान भरभर वाढतो, दर एक-दोन महिन्यांनी नवा लागतो, नाहीतर मशीन शिट्टी मारतं. आठवड्यात करून देणारं कुणी?

वांद्र्याची अली यावर जंग संस्था (ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था) यादीत आहेच, पण पनवेलहून तान्हं घेऊन लोकलने... जवळचं सुचवा. वार, वेळ, फीसकट.