पंधरा पेशींची साक्ष किती धरायची?

तिरफळ
परवा चहावर मित्राशी जुंपली. त्याचं म्हणणं, डीएनए जुळला की विषय संपला. मी म्हणतो, रक्ताचा डाग असेल तर ठीक. पण नुसत्या स्पर्शातून राहिलेल्या चार-दोन पेशींवर कुणाला जन्मठेप होऊ नये. तपासाला दिशा म्हणून खुशाल वापरा, पण कोर्टात नको.

कारण ओमाह. उत्तर आयर्लंडमधल्या या गावात १५ ऑगस्ट १९९८ ला बॉम्बस्फोटात २९ माणसं गेली. पकडला एक इलेक्ट्रिशियन. त्याच्याविरुद्ध मोठा आधार होता त्या सुमाराच्या इतर बॉम्बच्या अवशेषांवरून 'लो कॉपी नंबर' पद्धतीने, म्हणजे अगदी मोजक्या पेशींवरून काढलेला डीएनए. एरवी पीसीआरची (डीएनएच्या नकला काढायच्या तंत्राची) २८ आवर्तनं करायचे, यात ३४. दर आवर्तनाला नकला दुप्पट, म्हणजे कागदावर ६४ पट वाढ. रेडिओचं बटण पिळलं की खरखरही मोठी होते, तसंच हे. याच तंत्राने लिस्बर्नच्या एका बॉम्बवरची प्रोफाइल नॉटिंगहॅमच्या १४ वर्षांच्या पोराशी जुळली होती! डिसेंबर २००७ मध्ये न्या. वीअर यांनी आरोपीला निर्दोष सोडलं.

साळुंखी
तिरफळ, त्या निकालात न्यायाधीश पोलिसांवर किती उखडलेत ते सोयीस्कर विसरलात. वस्तू कशा उचलल्या, कशात बांधल्या, लेबलं कुणी लावली, सगळाच सावळागोंधळ. १९९८ मध्ये वस्तू गोळा करणाऱ्याच्या डोक्यातही नसणार की पुढे इतक्या बारीक चाचण्या होतील. नाचणाऱ्याचा पाय चुकला आणि शिव्या अंगणाला!

आणि निकालानंतर इंग्लंडने ही पद्धत थांबवली, ती जानेवारी २००८ मध्ये पुन्हा सुरूही केली. त्याच वर्षी फॉरेन्सिक तज्ज्ञ ब्रायन केडी यांच्या अहवालाने ती शास्त्रीयदृष्ट्या भक्कम ठरवली. हे का गाळलंत?

तिरफळ
अहवाल पूर्ण वाचा की. त्यातच म्हटलंय की ज्युरीला स्पष्ट सांगा: हा डीएनए रक्ताचा की घामाचा की कशाचा, ते माहीत नाही, तो तिथे कधी लागला, तेही सांगता येत नाही, आणि दुसऱ्यामार्फत लागण्याची शक्यता जास्त. एवढं सगळं सांगून झाल्यावर पुराव्यात उरलं काय?

खलबत्ता
पोलिसी कामाचा अनुभव शून्य, पण पीसीआर करण्यात अकरा वर्षं गेलीत, म्हणून बोलतो. माणसाच्या एका पेशीत साधारण साडेसहा पिकोग्रॅम डीएनए (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग). १०० पिकोग्रॅम म्हणजे जेमतेम पंधरा पेशी. नळीत बघाल तर तळाशी पाण्याचा थेंब, बाकी काही नाही. त्यातला अर्धा पिपेटने उचलला की आईकडून आलेली खूण यात आली आणि बापाकडची त्यात राहिली, असं सहज होतं. याला ड्रॉप-आउट म्हणतात. उलट कुठूनतरी उडून आलेली परकी खूण म्हणजे ड्रॉप-इन. म्हणून चाचणी किमान दोनदा करतात आणि दोन्हींत दिसलेलीच खूण धरतात. पण आधीच चिमूटभर नमुना, त्याचे दोन वाटे केले की प्रत्येक वाटा आणखी दुबळा! हे दुखणं पद्धतीतलंच आहे, पोलिसांचं नव्हे.

तरी तिरफळांची सरसकट बंदी मला पटत नाही. २००९ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने १०० ते २०० पिकोग्रॅमची रेषा मानली. नमुना तिच्या वर असेल तर पद्धतीच्या वैधतेवर नव्या शास्त्रीय पुराव्याशिवाय वाद नको. मला हे शहाणपणाचं वाटतं.

घाटवाट
रेषा वजनाची झाली, पण डीएनए तिथे कुठल्या वाटेने पोचला त्याचं काय? मिरची कापून हात धुवा आणि तासाने डोळ्याला लावा, मग कळतं काय काय मागे राहतं ते.

कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका खुनात मृताच्या नखांवर एकाचा डीएनए मिळाला. पठ्ठ्या त्या रात्री दारू पिऊन बेशुद्ध, हॉस्पिटलात दाखल! त्याला उचलून नेणारेच पॅरामेडिक काही तासांनी खुनाच्या जागी गेले होते. तरी गडी काही महिने तुरुंगात.

जर्मनीतही तेच. हाइलब्रॉनमध्ये २००७ ला एका पोलीस बाईचा खून झाला, आणि तिथला डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या कितीतरी गुन्ह्यांत निघाला. सगळे एका बाईच्या मागे. २००९ ला कळलं, ती बाई नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांच्या कारखान्यात कामाला होती. काड्या निर्जंतुक होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही.

साळुंखी
पण घाटवाट, कॅलिफोर्नियाचा माणूस सुटला तो हॉस्पिटलच्या नोंदींमुळेच ना? मग नोंदी नीट ठेवा, नमुना कशाला फेकता? तिरफळांचं ऐकलं तर चुकीने आत गेलेल्या माणसाचीही वाट बंद होते. जुन्या कपड्यावर शिल्लक असतात त्या त्याच पंधरा पेशी.

उंबरठा
आपल्याकडे नोंदींची गंमत वेगळी. दिल्लीतल्या छावला खटल्यात (एका तरुणीवरच्या बलात्कार-खुनाच्या) सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीच्या तिघांना सोडलं. १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतलेले नमुने प्रयोगशाळेला गेले २७ ला. मधले दिवस पोलीस ठाण्याच्या मालखान्यात. तिथे पिकोग्रॅमची भानगडच नव्हती, तरी ही गत. आता जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर जायचंय, राज्यांना तयारीला पाच वर्षं दिलीत. नमुने वाढणार हे नक्की. ठेवणार कुठे?

तिरफळ
साळुंखी, सुटकेसाठी चालेल, हे मान्य. शिक्षेसाठी मात्र सोबत दुसरा स्वतंत्र पुरावा हवाच, त्यावरून हलणार नाही.

साळुंखी
म्हणजे बंदी गेली. मित्राला चहा पाजा आता.